अँटवर्पचे तीन दिवस

निवृत्तीनंतर प्रवासाचे योग पुष्कळ येतील, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते मुलांच्या सुट्ट्यांच्या सोयीने येतात. गेल्या वर्षी आम्ही उभयता नेदरलँड्समधील आइंडहोवेन येथे चिरंजीवांकडे गेलो होतो. जूनमध्ये पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची शनिवार ते सोमवार अशी जोडून सुट्टी आली आणि बेल्जियममधील अँटवर्प शहर पाहण्याचे ठरले. मोटारीने दीड तासाची वाट. सौभाग्यवतींनी आदल्या दिवशीच कांदा-लसणाविना धपाटे, दशम्या व शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. चौविहाराची चिंता मात्र नव्हती, कारण जूनमध्ये तेथे सूर्यास्तच रात्री पावणेदहाच्या पुढे होतो.

शनिवारी प्रथम पाहिले ते मध्यवर्ती रेल्वे स्थानक. १९०५ साली पूर्ण झालेल्या या वास्तूचा घुमट पाहून माझ्या नातीने विचारले, "आजोबा, हे देऊळ आहे का?" स्थानकाला लागूनच हिऱ्यांची जगप्रसिद्ध पेठ आहे. ज्यू व्यापाऱ्यांचा तो शब्बाथचा दिवस असल्याने गल्ल्या शांत होत्या. या पेठेत पिढ्यान्पिढ्या ज्यूंचे वर्चस्व होते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर गुजरातेतील पालनपूरचे जैन व्यापारी आले आणि लहान, कमी किमतीच्या हिऱ्यांच्या व्यवहारापासून सुरुवात करून अग्रभागी पोहोचले. येथे सौदा ठरला की हस्तांदोलन करून 'माझल' हा हिब्रू शब्द उच्चारतात. मग व्यापारी कोणत्याही धर्माचा असो. त्या शब्दानंतर माघार नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत छत्तीस वर्षे जामीनदारांच्या सह्या तपासण्यात घालविलेल्या मला याचे नवल वाटले नसते तरच नवल!

सायंकाळी जुन्या शहराच्या मुख्य चौकात गेलो. तेथील १८८७ सालच्या कारंज्यावर ब्राबो नावाच्या रोमन सैनिकाचा पुतळा आहे. नदीवर जकात न देणाऱ्या नावाड्यांचे हात तोडणाऱ्या एका राक्षसाचा हात त्याने तोडून नदीत भिरकावला, अशी दंतकथा आहे. थकबाकी वसुलीची ती रीत ऐकून मी म्हणालो, "आमची नोटीस पाठविण्याची पद्धत पुष्कळच सौम्य होती." नातीला तेथील बटाट्याचे तळलेले काप हवे होते, पण ते पारंपरिक पद्धतीने गाईबैलांच्या चरबीत तळतात, असे चौकशीत कळले. सौभाग्यवतींच्या दृष्टीने बटाटा कंदमूळ म्हणून आधीच बाद होता. स्ट्रॉबेरीचा हंगाम होता, त्यावर नातीची समजूत निघाली.

रविवारचा दिवस माझ्यासाठी राखून ठेवला होता. व्यापाऱ्यांसाठी मुद्दाम बांधलेली बाजारसभा येथे १५३१ साली उभी राहिली. सर्व देशांच्या व सर्व भाषांच्या व्यापाऱ्यांसाठी ती अर्पण केली होती. लंडनच्या रॉयल एक्स्चेंजचा नमुना हाच. मूळ इमारत आगीत गेली. सध्याची एकोणिसाव्या शतकातील असून २०१९ मध्ये नूतनीकरणानंतर ती समारंभांसाठी खुली झाली. बी.कॉम.ला हुंडीचा जो धडा आम्ही घोकला, ती हुंडी येथे रोजच्या व्यवहारात हातोहात फिरत होती. परंतु १५८५ मध्ये शहर स्पॅनिश सैन्याच्या हाती पडले, शेल्ट नदीची वाट समुद्री व्यापाराला बंद झाली आणि व्यापारी ॲमस्टरडॅमकडे निघून गेले. सुमारे १ लाख वस्तीचे शहर काही वर्षांत निम्म्याहून कमी झाले. भांडवल व माणसे, जिथे वाट मोकळी तिथे जातात.

तेथून प्लांटिन-मोरेटस मुद्रणालयाच्या संग्रहालयात गेलो. प्लांटिन हा फ्रान्समधून आलेला पुस्तकबांधणी करणारा कारागीर. त्याच्या वंशजांनी तीन शतके तो छापखाना चालविला. सन १६०० च्या सुमाराची छपाईयंत्रे तेथे उभी आहेत आणि हिशेबाच्या वह्याही जपलेल्या आहेत. २००५ मध्ये या वास्तूला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या वह्यांपाशी मी इतका रेंगाळलो की सूनबाईंना मला शोधत यावे लागले.

सायंकाळी शेल्ट नदीखालून जाणाऱ्या पादचारी बोगद्यात उतरलो. १९३३ सालचा हा बोगदा ५७२ मीटर लांब असून त्याचे सरकते जिने अद्याप लाकडी आहेत. बायका पुढे गेल्या होत्या. चिरंजीव माझ्या पावलाशी पाऊल मिळवून चालत होते. मध्यावर ते म्हणाले, "अण्णा, आइंडहोवेनला घर घ्यायचं ठरवतोय. तुम्हाला आधी सांगायचं होतं."

सांगलीच्या घरावर वरचा मजला मी त्यांच्यासाठीच चढविला होता. वर्षातून दोनदा झाडून तो बंद ठेवतो. मी काही बोललो नाही. बोगद्यात आमच्या पावलांचा आवाज तेवढा येत होता.

सोमवारी सकाळी विलरेइक उपनगरातील शंखेश्वर पार्श्वनाथ मंदिरात गेलो. २०१० मध्ये प्रतिष्ठा झालेले हे शुभ्र संगमरवरी मंदिर युरोपच्या करड्या आकाशाखाली पाहताना डोळे भरून आले. आम्ही दिगंबर आम्नायाचे, तेथील मूर्ती श्वेतांबर परंपरेची. पण हात जोडताना तो भेद आठवला नाही. नातीने डच वळणाच्या उच्चारात णमोकार मंत्र म्हटला. तेथे दर्शनाला आलेल्या एका वृद्ध गृहस्थांशी बोलणे झाले. "दोन वर्षांसाठी आलो होतो," ते हसून म्हणाले, "त्याला आता पंचेचाळीस वर्षे झाली." "घरची आठवण येते का?" या माझ्या प्रश्नावर त्यांनी विचारले, "कोणत्या घरची?" मला उत्तर देता आले नाही.

परतीच्या वाटेवर नात माझ्या खांद्यावर झोपली. वरच्या मजल्याचे काय करायचे, हा विचार मी सांगलीपर्यंत पुढे ढकलला. दुःख झाले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. आइंडहोवेनला पोहोचल्यावर भोजन आटोपून मी चिरंजीवांना म्हणालो, "कर्जाचे कागद आण बघू. व्याजदर किती वर्षांसाठी स्थिर आहे, ते आधी पाहू."

बाहेर अजून उजेड होता. मी चष्मा लावला आणि ते एकेक कलम मराठीत उलगडून सांगू लागले.