वाहत्या पाण्याची भाजी

आदर्श गाव म्हटलं की माझा उत्साह मावळतो. वेशीवर कमान, भिंतींवर सुविचार, पुरस्कारांचे फोटो आणि ते दाखवून दाखवून दमलेला एखादा कार्यकर्ता. म्हणून धुळे जिल्ह्यातलं बारीपाडा कितीतरी वर्षं टाळलं. तिथलं जंगल राखण्यात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा तर, आता तिथे गाड्यांच्या रांगा लागणार, म्हणून ठरलेला बेतही मोडला. शेवटी दिवाळीनंतर एका मित्राने जवळजवळ ओढूनच नेलं.

पिंपळनेर मागे पडलं तसे डोंगर हिरवे व्हायला लागले. धुळे जिल्हा म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा धुळे हा नव्हेच. 1990च्या आसपास हेही डोंगर बोडके होते. सरपणासाठी आणि विकण्यासाठी लाकूड गेलं, पाठोपाठ पाणी गेलं. मग गावाने कुऱ्हाडबंदी केली, झाड तोडणाऱ्याला दंड लावला, उतारावर श्रमदानाने चर खणले. आज गावाने राखलेलं जंगल 400 हेक्टरांहून जास्त आहे. त्यात सकाळभर हिंडलो. झाडांतलं मला फारसं कळत नाही, पायाखाली पाचोळा भरपूर होता एवढं नक्की. भूक मात्र कडकडून लागली.

जेवायला बसलो ते एका मावशींच्या ओसरीवर. नागलीची भाकरी, कुळथाची आमटी आणि पिवळट कापांची एक भाजी. बटाटा समजून मोठा घास घेतला. मागाहून जिभेवर बारीक कडवटपणा चढला.

"कडूकंद आहे," मावशी म्हणाल्या. "कच्चा खाल्ला तर घसा धरेल, ओकाऱ्या होतील."

हे त्यांनी मी चौथा काप गिळल्यावर सांगितलं.

मग कृती विचारली. वेल वाळला की कंद खणायचा, पातळ काप करायचे, राख घालून उकळायचे. एवढ्याने भागत नाही. काप टोपलीत भरून रात्रभर ओहोळात ठेवायचे, वरून दगड. वाहतं पाणी सगळा कडूपणा घेऊन जातं.

"हंड्यात भिजवले तर?"

"पाणी बदलून बदलून हात दुखतील. आणि बदलायला पाणी कुठून आणायचं? तेव्हा प्यायलाच लांबून आणत होतो."

त्यांच्या लग्नानंतरच्या दिवसांत दिवाळी सरली की ओहोळ कोरडा पडायचा. वेल चढायला झाडं नव्हती, म्हणून कंदही दूरवर जाऊन शोधावे लागत. सासूला कृती येत होती, पण करून दाखवायला ना कंद ना ओहोळ. मावशी हे शिकल्या ते पाणी परत आल्यावर, सासू म्हातारी झाली तेव्हा. सकाळपासून जंगलाचे आकडे माझ्या कानांवरून जात होते. ही टोपली मात्र मी उठून पाहून आलो. घरामागे, गुडघ्याइतक्या पाण्यात, दगडाखाली दबलेली होती.

बारीपाड्यात 2004 पासून रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. मावशी त्यात दरवर्षी उतरतात. बक्षीस मिळालं का, विचारलं तर म्हणाल्या, "परीक्षक शहरातले. त्यांना गोड लागलं की बक्षीस." पुढे त्या स्पर्धेविषयी काही बोलल्या नाहीत. भाकरी मात्र आणखी एक वाढली, मी नको म्हणत असताना.

दुपारी सामूहिक वनहक्कावर मित्राने गावकऱ्यांशी दीड तास चर्चा केली. मी त्यातला बराचसा वेळ झोपलो.

निघताना थोडे कंद मागितले.

"कुठं राहता?"

"पुण्यात. घराजवळून नदी वाहते."

मावशींनी मित्राकडे पाहिलं. मित्र इतका हसला की त्यांना काय ते कळलं.

"नळाखाली ठेवले तर?" मी विचारलं.

"रात्रभर? बिल कोण भरेल?"

कंद दिलेच नाहीत. त्याऐवजी घरचा इंद्रायणी तांदूळ दिला, दोन किलो, तराजूत काटा स्थिर होईपर्यंत तोलून. पैसेही चोख घेतले.