तिरकी चाल

तिरकेपणाला आपल्याकडे चांगले नाव नाही. तिरके बोलणे, तिरके पाहणे, ही सारी वाईट माणसाची लक्षणे! वर्गात वीस वर्षे मीही ‘रेघ सरळ काढा रे’ म्हणून ओरडत आलो आहे. पण गेल्या पावसाळ्यात रोह्याच्या एका रिक्षावाल्याने माझी ही शिकवण पार मोडीत काढली.

बहिणीकडे रोह्याला गेलेली आई अंगणात घसरली आणि तिच्या पायाचे हाड मोडले. महिन्याभराने तिला पेणला घरी आणायचे ठरले. स्टेशनचा जिना तिला चढवणार नव्हता, म्हणून रिक्षा केली. पहिल्याच गतिरोधकावर ती अशी विव्हळली की माझे हातपाय गळाले. भिसे खिंड, नागोठणे, वडखळ, सारी वाट अजून पुढेच होती!

रिक्षावाल्याने मागे वळून पाहिले. “आजी, आता नाय लागणार.”

पुढचा उंचवटा आला तशी त्याने रिक्षा हळू करून तिरकी घातली. आधी पुढचे चाक चढले, मग मागचे एक, मग दुसरे. धक्का एकदम न बसता वाटून बसला. पेण येईपर्यंत आईला झोप लागली होती.

दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो पुण्याला यंत्रांच्या कामात आहे. चकली मोडता मोडता तो आपले दुखणे सांगू लागला. त्याच्याकडे सरळ रेषेत धावणारी मोटर आहे. गोल मोटर चिरून सपाट पसरावी, तशी. खाली लोहचुंबकांची रांग, वर तारा गुंडाळलेले लोखंडी दात. वीज देताच गाडा पळतो, पण गचके खात. चुंबक एका दाताला धरतो, सोडतो, पुढच्याला धरतो. वीज बंद असली तरी ही ओढ असतेच. मला पटेना, तेव्हा त्याने माळ्यावरचा सायकलचा जुना डायनामो काढून माझ्या हाती दिला. फिरवून पाहतो, तर तो खट् खट् अडत होता!

“शिवाय गोल मोटरला टोके नसतात, सर, हिला दोन आहेत. तिथेही ओढ बसते. लोखंडाची लांबी अशी बेतायची, की एका टोकाची ओढ दुसऱ्याने खोडावी.”

“आणि दातांचे काय?”

“चुंबक किंचित तिरके बसवायचे. मग सगळा काठ एकदम दातावरून जात नाही, थोडा थोडा जातो.”

“अरे, हे तर आमच्या रिक्षावाल्याला ठाऊक आहे!” मी हसून सारी हकीकत सांगितली.

“जोर मात्र थोडा कमी होतो, सर. लोखंडी दात काढूनच टाकले, तर त्यांचा गचका समूळ जातो. पण मग जोरही बराच जातो.”

“आम्हांलाही पोचायला उशीर झालाच की!”

आतून आईचा आवाज आला, “त्या पोराला फराळ पाठवलास का रे?”

मी गप्प झालो. पाठवायचे तर राहोच, त्याचे नावसुद्धा मी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन मी सकाळीच रोह्याची गाडी धरली.