दुसऱ्या गिअरमधलं सुख

कळंबच्या चिंतामणीला पायऱ्या उतरून जावं लागतं. मंदिर जमिनीच्या पोटात आहे. वर, रस्त्याच्या कडेला, चतुर्थीच्या दिवशी हमखास एखादी नवी गाडी हार घालून उभी असते. शेजारी तशीच हार घातलेली, पण दहा-बारा वर्षांची, नुकतीच दुसऱ्या घरातून आलेली गाडी असते. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, मागच्या सीटवर चढाओढीनं बसलेली पोरं. दोन्हीकडच्या माणसांचे चेहरे मी निरखून पाहिले आहेत. जुन्या गाडीकडचा आनंद तसूभरही कमी नसतो. या दुसऱ्या गाडीबद्दल मला मनापासून लिहायचं आहे.

आमच्याकडे गाडी ही गरजेचीच वस्तू आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली, त्याचं कौतुक आहेच. पण रेल्वे शेतात जात नाही आणि रात्री दहा वाजता आईला छातीत दुखायला लागलं तर यवतमाळलाही नेत नाही. नागपूर-तुळजापूर महामार्ग झाल्यापासून यवतमाळ हाकेच्या अंतरावर आलं. वर्धा नदीचा पूल ओलांडला की देवळी, पुढे वर्धा. राळेगावकडे वळलं की मात्र रस्ता वेगळा होतो. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, मध्येच तुरीचा पट्टा, एखादा नाला, नाल्यावर अरुंद पूल, आणि पुलानंतर लगेच वळण. दिवाळीनंतर याच रस्त्यावर कापसानं फुगलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात. संध्याकाळी त्यांच्या मागं लाल दिवा असेलच याचा भरवसा नसतो. या रस्त्याला गाडी लागते ती चपळ, ब्रेकला शहाणी आणि वळणावर अंग सावरणारी.

माझं बजेट अडीच लाख. त्यातही टायर, बॅटरी, विमा आणि पहिली मोठी सर्व्हिसिंग यांच्यासाठी चाळीस हजार बाजूला काढायचेच, हे मी आधी ठरवून टाकलं होतं. जुनी गाडी घेताना सगळे पैसे गाडीतच ओतणारा माणूस पुढचे सहा महिने तिच्यावर चिडत राहतो, आणि मग चूक नसलेल्या गाडीलाही बोल लागतो.

सल्ले भरपूर आले. सगळ्यांचा प्रश्न एकच: ॲव्हरेज किती देते? प्रश्न रास्त आहे, पेट्रोलचे भाव सगळ्यांनाच ठाऊक आहेत. पण कमी पैसेवाल्यानं फक्त ॲव्हरेज विचारावं आणि गाडी चालवण्याची मजा मोठ्या एसयूव्हीवाल्यांसाठी सोडून द्यावी, हे मला कधीच पटलं नाही. उलट छोट्या गाडीचा इतिहास सांगतो की मजा मुळात तिथंच जन्मली. १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगात इंग्लंडमध्ये पेट्रोलची टंचाई झाली आणि त्यातून १९५९ मध्ये ॲलेक इसिगोनिस यांची मिनी आली. जेमतेम दहा फुटांची, इंजिन आडवं बसवलेलं, चाकं चार कोपऱ्यांना ढकललेली. काटकसरीसाठी काढलेल्या या गाडीनं १९६४ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली. ताकद तिच्याकडे थोडीच होती. वजन कमी होतं, म्हणून वळणात ती मोठ्यांना मागं टाकायची.

आपल्याकडे तीच गोष्ट १४ डिसेंबर १९८३ ला सुरू झाली, मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली गेली त्या दिवशी. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मग १९९३ मध्ये झेन आली. ज्यांनी चांगली राखलेली झेन चालवली आहे त्यांना विचारा. बोलताना त्यांचा डावा हात आपोआप गिअर टाकायला लागतो. रस्ता तळहाताला कळायचा. आजच्या स्टिअरिंगमधून ती खबर येत नाही. झेनचा विचार माझ्या मनात बराच काळ होता. पण २००६ मध्ये बंद झालेली गाडी आता घ्यायची म्हणजे पंधरा वर्षांची नोंदणी केव्हाच संपलेली, पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण, त्याचं शुल्क, वर पर्यावरण कर, आणि पत्रा गंजलेला नसेल तर नशीब. रोजच्या वापराला ती गाडी नको. ज्याच्याकडे आधीच एक धडकी गाडी आहे आणि अंगणात जागा आहे, त्यानं ती जरूर सांभाळावी.

मनानं सगळ्यात जास्त ओढ लावली ती फियाट पुंटोनं. पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली, पत्रा जाड, स्टिअरिंग जड आणि खरं. खड्ड्यातून ती अशी जाते की आत बसलेल्याला खड्डा फक्त ऐकू यावा. चाकणची पोलो तशीच. दार लावल्याचा आवाजच विश्वास देतो. पण कळंबमध्ये बसून निवड करायची तर गाडीइतकाच तिचा सुटा भाग महत्त्वाचा. फियाटनं भारतातली गाड्यांची विक्री थांबवली, फोर्ड २०२१ मध्ये उत्पादन बंद करून गेली, पोलो २०२२ मध्ये थांबली. भाग मिळतात, नाही असं नाही. पण एका सेन्सरसाठी नागपूरचा फेरा आणि चार दिवस गाडी उभी, हे ज्याचं रोजचं काम गाडीवर आहे त्याला झेपत नाही. पुण्या-नागपुरात राहणाऱ्यानं पुंटो किंवा फिगो खुशाल घ्यावी. आज या गाड्या त्यांच्या गुणांच्या मानानं फार स्वस्त मिळतात.

उरल्या त्यात ऑल्टो के-टेनवर माझा जीव जडला होता. बाहेरून साधी ऑल्टो, आत ९९८ सीसीचं इंजिन, ६८ पीएस, आणि वजन साडेसातशे किलोच्या आसपास. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की ती अशी सुटते की शेजारचा माणूस नकळत दाराची कडी धरतो. भाग तालुक्याला मिळतात, कोणताही मिस्त्री डोळे मिटून काम करतो. पैशाला पैसा आणि मजेला मजा मोजायची तर तिच्यासारखी गाडी नाही, असं मी आजही म्हणेन.

मग अडलं कुठं? २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या. ऑल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि एअरबॅग नसलेली पोलो. प्रौढांच्या सुरक्षेत पाचही शून्यावर. त्याच वर्षी एअरबॅग नसलेली स्विफ्टही शून्यावर आली. पोलोला मात्र दोन एअरबॅग लावून पुन्हा धडकवलं तर चार तारे मिळाले. आपल्याकडे नव्या गाडीत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. त्याच्या आधीची जुनी गाडी घेणाऱ्यानं मॉडेलच्या नावामागची अक्षरं वाचायला हवीत, कारण एकाच गाडीच्या खालच्या व्हेरिअंटमध्ये एअरबॅग नसते आणि वरच्यात असते. बाजारात दोघींच्या किमतीत फरक फार राहिलेला नसतो. अलॉय चाकं, मोठा स्क्रीन, सीटकव्हर यांवर वाढीव पैसे मागतात. एअरबॅग आणि एबीएसचे कुणी मागत नाही. माझ्या मते कमी बजेटवाल्याला जुन्या बाजारातली सगळ्यात मोठी सवलत इथंच आहे.

म्हणून शोध शेवटी एका ओळीत मावला: २०११ नंतरची पेट्रोल स्विफ्ट, झेडएक्सआय. दोन एअरबॅग, एबीएस. ११९७ सीसीचं के-सिरीज इंजिन, ८७ पीएस, वजन एक टनाच्या आत, टायमिंगला पट्टा नसून साखळी, म्हणजे ठरावीक किलोमीटरला बदलायचा खर्च नाही. डिझेलची स्विफ्ट आमच्याकडे जास्त चालते. पण ज्याचं धावणं थोडं आहे त्याला जुन्या डिझेलचा टर्बो आणि इंजेक्टर एका दमात वर्षभराची बचत खाऊन टाकतात. शिवाय पेट्रोलचं नाक हलकं, आणि वळणाला ते लगेच कळतं.

गाड्या पाहताना एक मिस्त्री सोबत असायचे. बोलणं कमी, हात जास्त. ते मालकाला आधीच फोनवर सांगायचे, "भाऊ, आम्ही येईस्तोवर गाडी चालू करू नका." पोचल्यावर पहिलं काम बोनेटवर तळहात ठेवायचं. बोनेट गरम लागलं की ते माझ्याकडे नुसतं पाहायचे. थंड इंजिन पहिल्या सेलला कसं उठतं, उठताना साखळी किती खडखडते, निळसर धूर येतो का, हे गरम इंजिन सांगत नाही. मग ऑइलचं झाकण उघडून उलटं करायचे. आत सायीसारखा पांढरट थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये गेलंय, बोलणंच संपलं. दाराच्या चौकटीवरचं काळं रबर दोन बोटांनी ओढून आतला पत्रा दाखवायचे. कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठसे सारख्या अंतरावर असतात. जिथं ते नाहीत, किंवा पुट्टीखाली बुजलेत, तिथं गाडी कधीतरी जोरात ठोकली आहे. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवायचा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. पुरात बुडालेल्या गाडीची सीट धुता येते, पण बेल्टच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहून जाते.

एका मोठ्या शहरात चकचकीत गाडी दाखवली गेली. मीटरवर बेचाळीस हजार. विकणारा म्हणाला, "सर, मोत्यासारखी गाडी हाये, घरून ऑफिस अन् ऑफिसातून घर." मिस्त्रींनी खाली वाकून क्लचच्या पेडलवर अंगठा फिरवला. रबरावरच्या रेघा पार गुळगुळीत. टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर वेगवेगळ्या सालचे. बेचाळीस हजारात एवढं झिजत नाही. "चांगली हाये, पण आपली नाही," एवढंच ते म्हणाले आणि आम्ही चहा न घेता निघालो.

कागदांचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला आरसी वाचायला शिकवावं लागत नाही. ती सातबारासारखीच वाचायची. मालक कितवा, बोजा कुणाचा. बँकेचं नाव चढलेलं असेल तर कर्ज फिटलं या तोंडी शब्दाला किंमत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्यावरच इसार द्यायचा. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी भरायचे. थकलेली ई-चलानं मालकाकडून भरून घ्यायची. गाडीचा विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस मात्र त्याच्यासोबतच जातो, तो किमतीत धरू नये. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्या इथं पुन्हा नोंदवून महाराष्ट्राचा कर भरला की स्वस्ताई बरीचशी आटते, हे आधी कागदावर मांडून पाहावं.

जी गाडी मिळाली ती वर्ध्याच्या एका निवृत्त गृहस्थांची, एमएच ३२. रंग राखाडी, उजव्या दारावर फाटकाचा ओरखडा, तो त्यांनी स्वतःच दाखवला. सर्व्हिसची बिलं एका फाइलमध्ये तारीखवार लावलेली. मी गाडीआधी ती फाइल वाचली. पंधरा मिनिटांत त्या माणसाचा स्वभाव कळला, आणि गाडीचाही.

चालवायला घेतली तेव्हा काका मागं बसले. म्हणाले, "दाबा न थोडी, घाबरू नका. तिला आवडते." गाव संपल्यावर रस्ता मोकळा झाला. दुसऱ्या गिअरमध्ये चार हजारांच्या पुढे काटा गेला आणि इंजिनाचा आवाज बदलला. खालचा घरघरीत सूर गेला आणि एक स्वच्छ, ताणलेला सूर लागला. तिसरा गिअर मनगटाच्या एका वळणात पडला. पुढे डावं वळण होतं; ब्रेक, पाय सोडला, स्टिअरिंग वळवलं, आणि गाडीचं नाक विचारलं तिथंच गेलं. वेग साठाच्या आसपास असेल. तेवढ्यात इतकं काही घडतं हे मोठ्या, जड गाडीत कधी कळलंच नसतं. तिला तसं काही वाटायला दुप्पट वेग लागतो आणि तेवढा वेग आमच्या रस्त्यांवर पाप आहे. परत येताना स्पीडब्रेकरवर पुढून डाव्या बाजूला टक् असा आवाज आला. मिस्त्री म्हणाले, "लिंक रॉड. दीड-दोन हजाराचं काम हाये." तेवढे पैसे काकांनी आपणहून कमी केले.

चाळीस हजारांतून टायर आले, बॅटरी आली, सगळी ऑइलं आणि ब्रेकपॅड बदलले, पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही बदलल्या. आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी या वयाची गाडी बनलेली नव्हती. ॲव्हरेज विचाराल तर गावात चौदा, महामार्गावर अठराच्या वर. आई पुढच्या सीटवर बसते आणि राळेगाव रस्त्याच्या वळणांवर हँडल घट्ट धरते, पण हळू चालव असं अजून तरी म्हणालेली नाही.

आता भाच्याला गाडी हवी आहे. नोकरी नवी, बजेट पावणेदोन लाख. यवतमाळात १.२ कप्पा इंजिनाची एक आय-टेन आहे, बिलं आहेत म्हणतात. मालकानं सकाळी नऊला बोलावलं होतं, मी दुपारी दोनची वेळ मागून घेतली. मे महिना आहे. एसी किती थंड करतो ते तेव्हाच कळेल. आणि बोनेट गरम करून ठेवू नका, हे फोनवर सांगून झालंय.