सगळं सुटलंय?

गॅरेजमध्ये इंजिन उचलतात वर, पण म्हणतात "इंजिन उतरवलं". व्हायव्हात कुणी न विचारलेली ही गोष्ट मला मे महिन्याच्या सुट्टीत कळली.

घराजवळच्या गॅरेजात एक एमजीए १५०० आली होती. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात एमजीए बनायच्या. दोन सीटची स्पोर्ट्स कार! मी नुसता बघत राहिलो. उस्तादांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "अरे, ही तर आपली ॲम्बेसेडर!" खोटं नव्हतं ते. बीएमसीचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन दोघींतही होतं; हिला कार्बोरेटर मात्र दोन, एसयूचे.

तयारीतच दिवस गेला. आधी बॅटरी सोडली. मग पाणी आणि ऑइल काढलं. बॉनेट ॲल्युमिनियमचं, म्हणून दोघांनी धरून उतरवलं आणि गादीवर ठेवलं. रेडिएटर, कार्बोरेटर, एक्झॉस्ट, स्टार्टरच्या वायरी, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, खालून प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स इंजिनाबरोबरच काढायचा होता.

साखळी मी बांधली, आणि आखूड बांधली. उस्ताद म्हणाले, "लांब घे." मी हिशोब मांडला तेव्हा घाम फुटला. वजन दोनशे किलो धरा. साखळीचे दोन्ही पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील, तर एकेका पायावर साधारण ११५ किलो ताण येतो. ३० अंशांवर आले, तर एकेकावर पूर्ण दोनशे! हेच गणित मी मेकॅनिक्सच्या पेपरात बरोबर सोडवलं होतं. उस्तादांनी पेपर दिलेलाच नाही.

"सगळं सुटलंय?" उस्तादांनी विचारलं.

"हो!" मी म्हणालो. न बघता.

चेन पुली कुरकुरली. इंजिनाचं तोंड चार बोटं वर आलं. मग इंजिनासोबत गाडीचंच नाक वर येऊ लागलं. लोखंडी घोड्यांवरून चॅसी किंचित सुटली होती. गिअरबॉक्सखालच्या माउंटिंगचा एक बोल्ट राहिला होता. तो माझ्याकडे होता.

मी पान्हा घेऊन खाली सरकणार, तोच उस्तादांनी कॉलर धरून मागे ओढलं. "गाडी आता कशावर उभी आहे, सांग."

मी बघितलं. एका साखळीवर. बोल्ट ढिला होताच इंजिन उसळलं असतं, गाडी खाली आली असती, आणि खाली मी असतो.

त्यांनी शांतपणे पुली उलटी फिरवली. गाडी घोड्यांवर नीट बसली, साखळी सैल पडली, गाडी हलवून बघितली. मगच म्हणाले, "आता जा." बोल्ट काढायला दोन मिनिटं लागली. त्यानंतर गिअरबॉक्सची शेपटी खाली आणि इंजिनाचं तोंड वर, असं तिरपं करत सगळं धूड बाहेर आलं. हवेत लटकत ठेवलं नाही. गाडी मागे ढकलली आणि लगेच जमिनीवर टायरवर टेकवलं.

उस्ताद मला ओरडले नाहीत. चहा मागवला, एवढंच.

आपण हॉस्टेलवाले "झालं का?" ला "झालं" म्हणण्यात पटाईत. जर्नलला ते खपतं. संध्याकाळी उस्तादांनी विचारलं, "टाकीचा कॉक बंद केलास?"

"बघून सांगतो," म्हणालो, आणि उठून बघायला गेलो.