इआन्थे : एका नावाचे प्राक्तन

नाव ठेवणे ही अर्पण करण्याची रीत आहे की ताबा घेण्याची? इंग्रजी रोमँटिक कवी वाचताना 'इआन्थे' हे ग्रीक स्त्रीनाम भेटले की हा प्रश्न माझ्यासमोर उभा राहतो.

'इऑन' म्हणजे व्हायोलेटचे फूल आणि 'आन्थोस' म्हणजे नुसतेच फूल. या दोहोंच्या संयोगातून हे नाव घडले. डिमीटरला उद्देशून रचलेल्या प्राचीन होमरीय स्तोत्रात पर्सेफनी कुरणात फुले वेचत असता तिच्या सख्यांमध्ये एक इआन्थे आहे. ती ओशनसची कन्या. पुढे ओव्हिडच्या 'मेटामॉर्फसिस'मध्ये ती क्रीट बेटावरची वधू होते. परंतु तेथे व्यथा बोलून दाखवतो तो इफिस. इआन्थे प्रतीक्षेतच राहते.

एकोणिसाव्या शतकात कवींना या नावाची भूल पडली. लँडरने जेन स्विफ्ट या आपल्या प्रेयसीला ते दिले. बायरनने 'चाइल्ड हॅरल्ड'च्या 1814 च्या आवृत्तीत लेडी शार्लट हार्ली या लहान मुलीला याच नावाने संबोधले. शेलीच्या 'क्वीन मॅब'मध्ये (1813) इआन्थे निद्रिस्त आहे. तिचा आत्मा तेवढा परीराणीसोबत विश्वदर्शनाला जातो. या स्त्रिया कवितेत आल्या खऱ्या, पण स्वतःच्या नावाने नव्हे.

त्याच 1813 च्या जूनमध्ये शेलीला मुलगी झाली आणि तिचेही नाव इआन्थे ठेवले गेले. पुढच्याच वर्षी शेलीने तिची आई हॅरिएट हिला सोडले. 1816 मध्ये हॅरिएटने सर्पेंटाइन तलावात जीव दिला. 1817 मध्ये न्यायालयाने मुलांचा ताबा शेलीला नाकारला. कवितेतले नाव घेऊन ही मुलगी परक्यांच्या घरी वाढली.

तथापि गोष्ट येथे संपत नाही. शेलीच्या तरुणपणीच्या कवितांची एक हस्तलिखित वही हॅरिएटकडे राहिली होती. ती इआन्थेकडे आली आणि तिच्या सासरच्या एस्डेल घराण्यात जपली गेली. 1964 मध्ये ती समग्र प्रसिद्ध झाली. त्या वहीत हॅरिएटला उद्देशून लिहिलेल्या कविता आहेत आणि तान्ह्या इआन्थेला उद्देशून लिहिलेलीही एक आहे.

ज्या पित्याने तिला नावापलीकडे फारसे काही दिले नाही, त्याचे शब्द तिच्या घरात टिकले. कवितेतली इआन्थे झोपलेली असते. प्रत्यक्षातली मात्र राखण करीत होती, असे म्हणावेसे वाटते. नावाला अर्थ व्युत्पत्तीतून मिळतो हे खरेच. पण ते धारण करणारी व्यक्ती त्यात आपली भर घालते, आणि ती भर कोणत्याही कोशात सापडत नाही.