टांचणीवरील फुलपाखरूं

शाळेच्या कपाटांतील टांचलेलीं फुलपाखरें पाहून आम्हीं संग्रहासाठीं कीटकांचे चित्रमय पत्ते काढावयास घेतले. पहिल्या पत्त्याकरितां एक फुलपाखरूं मारलेंही. लिहितांना लाज वाटते. पंख मोजून रेखाटले, परंतु चित्र मेलेलेंच दिसे.

पुढें मारिया सिबिला मेरियन या विदुषींचीं चित्रें पाहण्यांत आलीं. १६९९ सालीं त्या सुरिनामास गेल्या, आणि १७०५ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं अळी, कोश व फुलपाखरूं हीं वनस्पतीसह एकत्र रंगविलीं. मग आम्ही परसांतील लिंबापाशीं बसूं लागलों. तेथील अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते (शत्रूस फसविण्याची केवढी ही युक्ति!), नंतर हिरवीगार होते. आठांपैकीं सहा पत्ते अळीचेच झाले. धाकटा बंधु मात्र सारे सोडून विष्ठेसारख्या अळीचाच पत्ता मागतो.