नंबर बदलला, माणूस तोच

माणूस कशावरून ओळखायचा, हा प्रश्न तत्त्वज्ञांचा वाटतो. प्रत्यक्षात दवाखान्याच्या काउंटरवर तो रोज सोडवावा लागतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका छोट्या दवाखान्यात पेशंटच्या नोंदी संगणकावर आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने मोबाइल नंबरलाच प्रायमरी की करून टाकलं होतं. प्रायमरी की म्हणजे टेबलातली प्रत्येक ओळ वेगळी ओळखण्याची खूण. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हापासून ही कल्पना डेटाबेसच्या पायाशी आहे. दोन ओळींची खूण एक असू शकत नाही.

माझ्या खालाने सिम बदललं. काउंटरवरच्या मुलाने तिची नोंद उघडली, जुना नंबर खोडून नवा टाकला आणि सेव्ह केलं. पुढच्या खेपेला पडद्यावर खालाचं नाव होतं, वय होतं. पण जुन्या तपासण्या नव्हत्या आणि पेनिसिलिन चालत नाही ही नोंदही नव्हती. खाला सावध बाई. तिनेच डॉक्टरांना सांगितलं, म्हणून निभावलं.

मला तो प्रोग्रॅम बघायला सांगितलं, तेव्हा कारण लगेच कळलं. तो जँगोवर लिहिलेला होता. जँगोचा ओआरएम, म्हणजे प्रोग्रॅममधल्या वस्तू आणि टेबलातल्या ओळी यांच्यातला दुभाषा, सेव्ह करताना फक्त आत्ताची की बघतो. या कीची ओळ आहे का? नसेल तर नवी घालतो. आधी की काय होती, हे तो विचारत नाही. त्यामुळे खालाच्या दोन ओळी झाल्या. तपासण्या आणि ॲलर्जी वेगळ्या टेबलांत होत्या आणि त्या जुन्याच नंबरला बांधलेल्या राहिल्या.

याहून वाईट दोन गोष्टी घडू शकल्या असत्या. बंद झालेला नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देतात. खालाला मिळालेला नवा नंबर पूर्वी त्याच दवाखान्यातल्या दुसऱ्या पेशंटचा असता, तर जँगोने त्याच्याच ओळीवर खालाचं नाव-वय लिहिलं असतं आणि त्याच्या तपासण्या खालाच्या नावाखाली दिसल्या असत्या. दुसरं म्हणजे, कुणी ‘ही नोंद दोनदा झालीय’ म्हणून जुनी ओळ पुसली असती, तर कॅस्केड लावलेलं असल्याने तिच्यासोबत सगळा इतिहास पुसला गेला असता. टापटीप करण्याच्या नादात.

सगळे ओआरएम असे नसतात. जावातला हायबरनेट की बदललेली दिसताच चूक दाखवून थांबतो. पायथनमधला एसक्यूएलअल्केमी जुनी की लक्षात ठेवतो आणि तीच ओळ बदलतो.

दुरुस्ती फार अवघड नव्हती. आधी बॅकअप घेतला. मग एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जुन्या ओळीला बांधलेल्या नोंदी नव्या ओळीकडे वळवल्या, मोजून पाहिल्या आणि शेवटी जुनी ओळ काढली. पण खरा इलाज वेगळा होता. प्रत्येक पेशंटला एक निरर्थक क्रमांक दिला आणि मोबाइल नंबर हा पत्त्यासारखा साधा रकाना केला. आता तो कितीही वेळा बदलो.

निरर्थक हाच त्या क्रमांकाचा गुण. ज्याला अर्थ असतो ते कधी ना कधी बदलतं. लग्नानंतर आडनाव बदलतं, भाडेकरूचा पत्ता बदलतो. आमच्याकडे तर नाव न बदलताही बदलतं: एका कागदावर युसूफ, दुसऱ्यावर यूसुफ, तिसऱ्यावर इसुफ. प्रत्येक वेळी तोच माणूस रांगेत उभा राहून सांगतो, की हे तिघेही मीच.

म्हणून नोंदवही कुठलीही असो, ती बनवणाऱ्याला एवढंच विचारावं: माझ्याबद्दलचं काही बदललं, तर तुमच्या लेखी मी तोच राहीन ना?